बाईसाहेबांची हजेरी

"आजोबा, 'ज्याची नोंद दुरुस्त करायची त्याचे पूर्ण नाव' या रकान्यात तुम्ही नुसतं 'बाईसाहेब' लिहिलंय," खिडकीमागचा कारकून म्हणाला. "हे असं चालत नाही. नाव, हुद्दा, नंबर, सगळं लागतं."

"नंबर लिहिलाय की पुढे. एकशे सत्तावन्न."

"आणि हुद्दा?"

आजोबांनी मागे वळून बाकाकडे पाहिलं. बाकावर त्यांची बायको मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. सांगून टाका एकदाचं, असं तिने डोळ्यांनीच खुणावलं.

"हुद्दा नव्हता तिला," आजोबा म्हणाले. "खेचर होती ती."

रांगेत खसखस पिकली. मागे उभ्या असलेल्या एका जाड्या गृहस्थाला तर हसताना ठसका लागला. कारकुनाने मात्र चष्मा कपाळावर चढवला, अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि कोणी दात दुखतोय असं सांगितल्यावर माणूस जसं तोंड करतो तसं तोंड करून म्हणाला, "बसा हो जरा बाजूला. ही रांग संपवतो, मग बोलू."

हा त्यांचा तिसरा अर्ज होता. आधीचे दोन पोस्टाने गेले आणि पोस्टानेच परत आले. म्हणून या वेळी दोघं स्वतः आली होती. दोन बस बदलून, पाण्याची बाटली आणि छत्री सांभाळत.

आजोबांना इमारतीत लहानथोर सगळे 'ड्रायव्हरआजोबा' म्हणत. फौजेत ते खेचरांच्या तुकडीत होते आणि तिथे खेचर हाकणाऱ्याला ड्रायव्हर म्हणायची पद्धत. पण हे कोणाला ठाऊक! तळमजल्यावरच्या शिंप्याने एकदा नवी मोटार घेतली, तेव्हा मोठ्या मानाने किल्ली यांच्या हातात ठेवली होती. आजोबांना साधी सायकलही येत नव्हती. ते किल्लीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिला कान कुठे आहेत? मी बोलू कोणाशी?"

बायकोला सगळे 'रेकॉर्डबाई' म्हणत. ते नाव तिने तीस वर्षं कमावलं होतं. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात रोग्यांचे जुने कागद ठेवायची खोली होती, तिथे ती कामाला होती. डॉक्टर बदलले, इमारतीला रंग लागले, पण अमुक सालचा अमुक रोगी म्हटलं की कागद हिच्याच हाताला सापडायचा. नवीन मुलींना ती सांगायची, "कागद हरवत नाही गं पोरींनो. तो भलतीकडे बसलेला असतो. आपण त्याच्या जागी जाऊन विचार करायचा, मी कागद असते तर कुठे बसले असते?"

लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या ट्रंकेत तिला दोन सदरे, दाढीचं सामान आणि एक जुना तोबरा सापडला होता. तोबरा म्हणजे खेचराच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. "हे काय हो?" तिने विचारलं. त्या संध्याकाळी नवऱ्याने पहिल्यांदा जी गोष्ट सांगितली, ती पुढे त्रेचाळीस वर्षं ती ऐकत आली होती. मैत्रिणींना ती हसत सांगायची, "बाकीच्यांच्या नशिबात सासू असते, माझ्या नशिबात सवत आली. तीही चार पायांची! बरं, मेलीशी भांडावं तर समोरही येत नाही."

गोष्ट अशी होती. बाईसाहेब करड्या रंगाची, डाव्या कानाला खाच असलेली खेचर. हट्टी अशी की चाबूक दाखवला तर जागच्या जागी खांब व्हायची. पण कोणी शेजारी उभं राहून "चलायचं का, बाईसाहेब?" असं अदबीने विचारलं, तर मान डोलावून चढण चढायला लागायची. तुकडीतल्या तीन ड्रायव्हरांनी हात टेकले, तेव्हा ती यांच्या वाट्याला आली. दोघांची गट्टी जमली. रोज सकाळी हजेरी व्हायची. आधी खेचराचा नंबर पुकारायचे, मग माणसाचा, आणि दोन्हींना 'हजर' ड्रायव्हरनेच म्हणायचं. एकदा तिच्यासाठी, एकदा आपल्यासाठी. "एकशे सत्तावन्न!" "हजर!"

एका हिवाळ्यात बर्फाळ खिंडीतून वरच्या चौकीवर औषधांच्या दोन पेट्या न्यायच्या होत्या. अर्ध्या वाटेवर कड्यावरून बर्फाची लाट आली. आजोबा खाली खड्ड्यात फेकले गेले, पाय मोडला. बाईसाहेब वर वाटेवर तशीच उभी. हे तसेच सरपटत वर आले, पण पुढे काही जाता येईना. मग यांनी तिच्या तोंडावरची दोरी काढून घेतली, वाटेत कुठे खडकात अडकून पडू नये म्हणून. पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बाईसाहेब, आपण व्हा पुढे. मी येतो मागून."

ती गेली. यांना दुसऱ्या दिवशी शोधपथकाने उचलून आणलं. बाईसाहेब मात्र वरच्या चौकीवर पोचलीच नव्हती. चौकशी झाली. दोरी ड्रायव्हरच्या हातात, तिच्यावर नंबराचा पितळी बिल्ला, आणि जनावर गायब. साहेबाने दोन ओळी लिहिल्या. खेचराच्या पानावर, 'भारासह पळून गेले.' ड्रायव्हरच्या पानावर लाल शाईत, 'निष्काळजीपणे जनावर सोडले.' त्या लाल ओळीपायी उत्तम वर्तणुकीचं पदक, जे पुढे तुकडीतल्या प्रत्येकाला मिळालं, ते यांना मिळालं नाही.

"पदक गेलं खड्ड्यात," आजोबा नेहमी म्हणत. "पण ती पळाली नाही. मी पाठवली तिला. माझं ऐकून ती दरीत गेली आणि वर तिलाच पळपुटी म्हणायचं?"

पदक खड्ड्यात गेलं असेल, पण रेकॉर्डबाईला दिसत होतं ते निराळंच. जुन्या सैनिकांचा वर्षाचा मेळावा असला की सगळे छातीवर पदकं लावून येत. हे कडक इस्त्रीचा कोट घालून जात आणि डाव्या खिशापाशी सबंध वेळ वर्तमानपत्राची गुंडाळी धरून उभे राहत.

रांग संपली. कारकुनाने त्यांना आत बोलावलं, खुर्च्या दिल्या आणि एक जाडजूड वही उघडून समोर धरली.

"हे बघा आजोबा. हरवलेल्या जनावरांची वही. एकशे सत्तावन्न. 'पळून गेले.' आता हे खोडायचं तर मला पुरावा पाहिजे. साक्षीदार आहे कोणी?"

"बाईसाहेब होती."

"ती सोडून."

"मग कोणी नाही. शोधपथकातला शेवटचा माणूस मागच्या साली गेला."

कारकुनाने वही मिटली. माणूस वाईट नव्हता. "एक सांगतो, रागावू नका. या सगळ्या जुन्या वह्या महिनाअखेर निकालात निघणार आहेत. लगदा करायला नेणार. त्यानंतर दुरुस्ती करायची म्हटली तरी करायला ओळच उरणार नाही."

"म्हणजे ती कायमची पळपुटी," आजोबा म्हणाले.

"म्हणजे... कागदच राहणार नाही, आजोबा."

"कागद जाईल. शेवटचं लिहिलेलं काय होतं, ते मला माहीत राहील ना!"

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. संध्याकाळी मुलीचा फोन आला. "काय गं, बाबा गप्प का? पुन्हा ते खेचर?"

"पुन्हा काय म्हणतेस? ते कधी गेलं होतं घरातून?" रेकॉर्डबाई म्हणाली.

फोन ठेवून ती गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेली. चिमटे ठेवायला तिच्याकडे कितीतरी वर्षं तोच तोबरा होता. ट्रंकेत कुजवण्यापेक्षा वापरात असू दे म्हणून तिनेच तो गॅलरीतल्या खिळ्याला लावला होता. नवरा सुरुवातीला कुरकुरला, मग म्हणाला, "बरंय. बाईसाहेबांनाही रिकामं बसायला आवडत नसे."

आतून त्यांचं बोलणं चालू होतं. स्वतःशीच म्हणायला हरकत नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. "सगळं त्या नालबंदामुळे. आदल्याच दिवशी साहेब माझ्यावर ओरडला होता, नंबर का नाही डागला म्हणून. आता नालबंदच रजेवर, तर मी काय दाताने डागू?"

हे वाक्यही तिने शंभरदा ऐकलं होतं. गोष्टीतला तो भाग आला की ती कणीक मळायला नाहीतर दिवा लावायला उठायची. आज हातात अर्धवट घडी केलेला टॉवेल होता म्हणून ती तिथेच थांबली.

"काय डागायचं?"

"नंबर गं. खुरावर डागतात. खूर वाढतो आपल्या नखासारखा, तसा नंबर खाली खाली सरकतो आणि एक दिवस कापला जातो. मग नालबंदाने पुन्हा वर डागायचा. बाईसाहेबांचा कापला गेला होता महिन्यापूर्वी."

"आणि दुसरा नंबर कुठे असतो?"

"बिल्ल्यावर."

"बिल्ला दोरीला?"

"हो."

"दोरी तुमच्या हातात."

"शंभरदा सांगितलंय, अडकू नये म्हणून—"

"अहो, थांबा." रेकॉर्डबाई टॉवेलसकट खाली बसली. "म्हणजे तिच्या अंगावर नंबर कुठेच नव्हता? ती कुठे पोचली असती, तरी ही कोण, कोणाची, हे कोणालाच कळलं नसतं?"

"नसतं कळलं," आजोबा म्हणाले.

इस्पितळातल्या पहिल्याच वर्षी एक प्रकार घडला होता. एक बाई आणि तिची दोन मुलं सलग तीन दिवस नोंदणीच्या खिडकीशी येत होती, घरचा माणूस अपघातानंतर बेपत्ता म्हणून. खिडकीवरचा मनुष्य नावांची यादी तपासायचा आणि मान हलवायचा. माणूस मात्र वरच्या मजल्यावर बेशुद्ध पडलेला होता, 'अनोळखी पुरुष, वय सुमारे चाळीस' या नोंदीखाली. बायको रडत होती बरोबर त्याच्या खाली, एका छपराच्या अंतरावर. तेव्हापासून रेकॉर्डबाईने एक नियम करून घेतला. हरवलेल्यांच्या यादीत हरवलेलं माणूस सापडत नाही. ते सापडलेल्यांच्या यादीत शोधायचं.

"आपण चुकीची वही बघत होतो," ती म्हणाली. "उद्या पुन्हा जायचं."

"दोन बस बदलून? तुझे गुडघे?"

"माझे गुडघे माझं मी बघते. तुम्ही पाण्याची बाटली भरा."

दुसऱ्या दिवशी कारकुनाने त्यांना पाहून डोक्याला हात लावला. "आजी, काल सांगितलं ना—"

"हरवलेल्यांची वही नको आम्हाला," ती म्हणाली. "सापडलेल्यांची द्या. बेवारस आलेल्या जनावरांची. कुठल्याही पलटणीच्या, आसपासच्या सगळ्या चौक्यांच्या. बर्फाची लाट आली त्या आठवड्याची."

"असली वही कोणी मागत नाही."

"म्हणूनच तिच्यात असणार."

कारकुनाने चष्मा पुसला. मग किल्ल्यांचा जुडगा उचलून म्हणाला, "या. पण धूळ आहे हं खाली."

"मला सांगताय?" रेकॉर्डबाई उठली. गुडघे कुरकुरले, पण तळघराच्या पायऱ्या ती अशी उतरली की जणू माहेरी चालली आहे. जुन्या कागदांचा तो कोंदट वास आला आणि तिला बरंच वाटलं. कारकून एक वही काढायचा, ती बोटाला थुंकी न लावता पानं उलटायची. थुंकी लावणाऱ्या मुलींना तिने तीस वर्षं दटावलं होतं. आजोबा एका खोक्यावर बसून छत्रीची मूठ फिरवत होते.

चौथी वही निघाली खिंडीच्या पलीकडच्या खोऱ्यातल्या जनावरांच्या दवाखान्याची. दुसऱ्याच पलटणीची. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"चष्मा देता का तुमचा?" ती कारकुनाला म्हणाली. स्वतःचा तिच्या नाकावरच होता. मग आपल्याला चष्म्याची नाही, दम घेण्याची गरज आहे हे तिच्या ध्यानात आलं. एक श्वास घेऊन तिने वाचलं.

"'खेचर एक, मादी. करडा रंग. डाव्या कानाला खाच. खुरावर नंबर नाही, तोंडाला दोरी नाही. पूर्वेकडच्या चौकीवर सकाळी एकटे येऊन उभे राहिले. पाठीवर औषधांच्या दोन पेट्या, शाबूत. चौकीत तापाने आजारी जवान आठ, औषध त्यांना वापरले. मालकी सांगण्यास कोणी आले नाही. नवीन नंबर तीनशे नऊ देऊन कामावर घेतले.'" ती थांबली. शेवटच्या रकान्याचं नाव होतं, स्वभाव. "'स्वभाव. मारल्यास हलत नाही. विनंती केल्यास चालते.'"

कारकुनाने वाकून ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाला, "आपली वाट बंद झाली म्हणून पलीकडच्या चौकीवर गेली वाटतं."

"उन्हाळ्यात एकदा नेलं होतं तिला तिथे," आजोबा म्हणाले. "एकदाच. वाट लक्षात ठेवली तिने."

"आणि पेट्या कोणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही?"

"आठ आजारी माणसं आणि दारात चालत आलेलं औषध. आयतं आलेलं परत कोण पाठवतो, साहेब? मीही पाठवलं नसतं." ते हसले, मग त्यांनी विचारलं, "पुढे काय झालं तिचं?"

तीनशे नऊचं पान कारकुनाने स्वतः शोधलं. बाईसाहेब त्यानंतर अकरा वर्षं त्या खोऱ्यात काम करत होती. म्हातारपणी तिला सुट्टी दिली आणि एका हिवाळ्यात, दवाखान्याच्या गोठ्यात, ती झोपेत गेली.

"अकरा वर्षं," आजोबा म्हणाले. "रजेवर निघालो की आमची गाडी त्या खोऱ्याच्या तोंडाशी चहाला थांबायची. दरवर्षी. मी त्या दरीकडे बघायचो सुद्धा नाही. वाटायचं, इथेच कुठेतरी तिची हाडं असतील."

रेकॉर्डबाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एका छपराचं अंतर, तिच्या मनात आलं.

कारकुनाने बाह्या सावरल्या. "आजोबा, आता अर्ज मी लिहितो. या खोलीत वीस वर्षं झाली मला, लगद्याला जाणाऱ्या कागदातून जिवंत काही निघालेलं पहिल्यांदा बघतोय." त्याने दोन्ही वह्या काखेत मारल्या. "हुद्द्याच्या रकान्यात काय लिहू?"

"रिकामा ठेवा," आजोबा म्हणाले. "तिला फरक पडत नव्हता."

वर जाताना रेकॉर्डबाई तिसऱ्या पायरीवर थांबली. आजोबा वरून म्हणाले, "अगं चल की. बस चुकेल."

ती हलली नाही.

"दुखतायत का गुडघे?"

"नाही."

"मग?"

"मीही विनंती केल्याशिवाय चालत नाही," ती म्हणाली. "आजपासून."

आजोबा दोन पायऱ्या उतरून खाली आले. छत्री काखेत धरली, कोट नीट केला आणि किंचित वाकून म्हणाले, "चलायचं का, बाईसाहेब?" मागे येणाऱ्या कारकुनाने वह्यांआड तोंड लपवलं, पण त्याचं हसू काही लपलं नाही.

दीड महिन्याने पाकीट आलं. जाड, शिक्का मारलेलं, आत एक छोटी डबी. शिंपी खालून वर आला, त्याची बायको आली, मुलगी फोनवर होती, आणि सगळ्यांना चहा झाला. डबीतलं पदक हातोहात फिरलं. "केवढंसं आहे!" शिंपी म्हणाला. "एवढ्यासाठी दोन-दोन बस?"

"तुझ्या मोटारीपेक्षा बरं," आजोबा म्हणाले. "याला किल्ली लागत नाही."

पदक त्यांनी कोटाला लावून पाहिलं, सगळ्यांनी वाहवा केली, मग काढून पुन्हा डबीत ठेवलं. मेळाव्याला लावीन म्हणाले. डाव्या हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र होतं, ते त्यांनी सरळ शिंप्याला देऊन टाकलं.

सगळे गेल्यावर दोघंच गॅलरीत बसली. ऊन कलतं होतं. "पत्र वाच ना," ते म्हणाले. "मघाशी गडबडीत नीट ऐकलं नाही मी."

ते त्यांनी दोनदा ऐकलं होतं. पण तिने चष्मा लावला आणि पत्र सरळ धरलं.

"'खेचर क्रमांक एकशे सत्तावन्न—'"

"हजर!"

आवाज एवढा खणखणीत होता की समोरच्या कठड्यावरचं कबूतर उडालं. आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. पाय जुळलेले, मोडलेला पाय थोडा तिरका. तिने वाचणं थांबवलं नाही.

"'—याच्या पानावरील पळून गेल्याची नोंद रद्द करण्यात येत आहे. सदर जनावराने आज्ञेप्रमाणे भार पोचवला. ड्रायव्हरच्या पानावरील लाल शाईतील शेराही रद्द समजावा. यानंतरची सेवा, क्रमांक तीनशे नऊ—'"

या वेळी ते काही बोलले नाहीत. तीही थांबली. मग ते सावकाश खाली बसले.

"तिथेही कोणीतरी 'हजर' म्हणत असेलच ना गं? तिच्या नंबराला?"

"म्हणतच असणार," रेकॉर्डबाई म्हणाली. "आणि अदबीने. नाहीतर अकरा वर्षं टिकली असती का तिथे?"

"ते खरं," ते म्हणाले. "ते अगदी खरं."

जरा वेळाने ती उठली. कपड्यांचे चिमटे तिने तोबऱ्यातून मूठमूठ काढून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरले. तोबरा उलटा करून झटकला आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावला, तोंड थोडं उघडं ठेवून.

खालून वारा येत होता. जुनं जाड कापड हळूच फुगायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा फुगायचं. दोघं चहा संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली.